सोमवार, बुधवार, शुक्रवारची रेघ

१

झरीच्या माळावरच्या सुईघरात एक रेघ जागेवरून सरकली, दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटर म्हणजे काय हो, ज्वारीच्या दाण्याएवढंसुद्धा अंतर नाही. पण तेवढ्यावरून एका माणसाची नोकरी जायची वेळ आली होती, आणि म्हणून एप्रिल १९८९ च्या एका सोमवारी, कावळासुद्धा सावली सोडेना अशा उन्हात, दिनकरराव पिंगळीकरांना परभणीहून जीपमध्ये घालून इथं आणलं होतं.

सुईघराची भानगड आधी सांगून टाकलेली बरी. पृथ्वीच्या दोन्ही टोकांना आकाशात हिरवे-तांबडे पडदे पेटतात, त्यांना म्हणतात मेरुज्योती. परभणीत बसून त्या दिसायच्या नाहीत, माळावर उभं राहून मान मोडेस्तोवर वर बघितलं तरी नाहीत. पण सूर्याकडून येणारं जे वादळ तिकडं आकाश पेटवतं, तेच इथली चुंबकसुई हलवतं. सुईघरात धाग्याला टांगलेली अशी सुई होती, सुईला चिकटवलेला आरसा होता, आणि आरशावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका फिरत्या फोटो-कागदावर दिवसभर रेघ ओढत असे. डॉ. वसमतकर ती रेघ वाचायचे. मेरुज्योतीवर त्यांनी उभा जन्म घातला होता.

सुई अशी नाजूक, म्हणून तिच्या आसपास लोखंड चालायचं नाही. खिळे पितळेचे, बिजागऱ्या तांब्याच्या, विटासुद्धा सुईजवळ धरून निवडलेल्या. हे अवघड बांधकाम मुदतीच्या अकरा दिवस आधी पुरं करून दाखवलं होतं ते याच दिनकररावांनी. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. आपल्याकडं कामं वेळेवर का होत नाहीत, यावर ते एक जाडजूड प्रबंध लिहीत होते, आणि त्यातलं नववं प्रकरण सुईघराचं होतं. तेवढं प्रकरण ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायचे. ऐकणारा जांभया द्यायचा, ते पान उलटायचे.

"हे बघा," वसमतकरांनी कागदांची चळत पसरली. "सहा फेब्रुवारीपासून रेघ सरकतेय. सकाळी साडेनऊच्या सुमारास वर उडी, संध्याकाळी पाचला खाली. पण रोज नाही. फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"त्या दिवशी ड्यूटी कुणाची?"

"सूर्यभान खंदारेची. मंगळवार, गुरुवार, शनिवार बन्सीधर. खंदारे सहा फेब्रुवारीलाच रुजू झाला."

दिनकररावांनी नाव टिपून घेतलं. शोधण्यासारखं उरलंच काय होतं?

"तेरा मार्चला सोमवार होता, दिनकरराव. मोठं वादळ झालं त्या दिवशी, अवघ्या जगाच्या सुया हलल्या. खंदारे सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागचा उठला नाही, हातानं नोंदी घेतल्या त्यानं. सोन्यासारख्या नोंदी. पण रेघच खोटी असेल तर त्या मी कुणाला दाखवू? दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेसाठी त्याची निवड झालीय. गुरुवारी मला कळवायचंय, माणूस भरवशाचा आहे की नाही. तुम्ही सांगाल ते लिहीन."

"माझंच नाव कुणी सुचवलं?"

वसमतकर चष्मा पुसत म्हणाले, "खंदारेनंच."

२

चोरानं फौजदाराचं नाव सुचवावं, हे दिनकररावांना काही रुचलं नाही. फार शहाणा दिसतो, असं त्यांच्या मनात आलं. पुढं या विचाराची त्यांना जितकी लाज वाटली तितकी जन्मात कशाची वाटली नाही, पण त्या सोमवारी आला खरा.

सुईघराच्या वाटेवर चौकीदाराची खोली होती. तिथं लिंबाजीनं ओसरीवरच्या तांब्याच्या हंड्यातून गार पाणी दिलं. दिनकरराव दोन फुलपात्रं प्याले आणि कामाला लागले.

सूर्यभान सत्तावीस-अठ्ठावीसचा, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेला, कमी बोलणारा. दिनकररावांनी त्याला दारातच उभं केलं.

"खिसे रिकामे करा."

त्यानं केले. रुमाल, लाकडी पेन्सिल, बसचं तिकीट.

"पट्टा?"

"पट्टा घालत नाही, साहेब. नाडी बांधतो. बक्कल लोखंडाचं असतं."

"वहाणा?"

त्यानं वहाणा काढून उलट्या धरल्या. तळवे हातशिलाईचे, एक खिळा नाही. तापलेल्या फरशीवर तो अनवाणी उभा राहिला आणि दिनकरराव वहाणांची शिवण तपासत राहिले. लिंबाजी बघत होता. दिनकररावांना वाटलं, हे जरा जास्तच होतंय. पण सुरू केलंय तर पुरं करावं, अशी त्यांची जुनी खोड.

काही सापडलं नाही.

"मी काय आणत असेन, असं वाटतं तुम्हाला?" सूर्यभाननं शांतपणे विचारलं.

"ते तुम्हीच सांगा."

"मी सांगितलेलं चालणार असतं, तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" वहाणा पायात सरकवून तो आत गेला.

३

मंगळवारी बन्सीधरची पाळी. बन्सीधर तोंडाचा पाघळ आणि डोक्याला चमेलीचं तेल.

"मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, साहेब. पण मोहिमेच्या यादीत खंदारेच्या खाली माझंच नाव आहे. म्हणून लोक माझ्याकडं बोट दाखवतील, तर आधीच सांगून ठेवतो."

"सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी तुम्ही कुठं असता?"

बन्सीधरचा चेहरा उतरला. "घरी."

"घरी तुमची आई म्हणते, पोरगं ड्यूटीवर आहे."

झाली की पंचाईत! बरंच ताणल्यावर गडी कबूल झाला: ते तीन दिवस तो पूर्णेला जायचा आणि रेल्वेवाल्यांच्या मुलांची शिकवणी घ्यायचा. या संशोधन केंद्राचा नियम मोडून. "नऊच्या आत पूर्णेत असतो, साहेब. तीसजणांचा वर्ग आहे, कुणालाही इचारा. फक्त डॉक्टरसायबांना सांगू नका."

दिनकररावांनी दुपारी पूर्णेला माणूस धाडून खात्री करून घेतली. खरं होतं. पूर्णेत मुलांना शिकवणारा माणूस झरीच्या माळावर लोखंड ठेवू शकत नाही.

राहिला लिंबाजी. त्याच्या खोलीत एक विळा निघाला.

"गवत कापायला हाय, साहेब. पर आमी तिकडं नेतच न्हाई. रविवारी कुंपनाभाईर कापतो."

रविवारची रेघ सरळ होती. विळा निर्दोष सुटला.

संध्याकाळी दिनकरराव कागद घेऊन बसले. आणि इथं त्यांचं इंजिनिअरी डोकं पहिल्यांदा नीट चाललं. लोखंड सूर्यभानच्या अंगावर असतं, तर तो आत-बाहेर जाईल तशी रेघ थरथरली असती. ती थरथरत नव्हती. साडेनऊला एकदाच उडी, मग पाचपर्यंत सपाट. म्हणजे ही वस्तू चालणारी नव्हती. कुणीतरी ती आणून ठेवत होतं, दिवसभर ती एका जागी बसत होती, आणि संध्याकाळी कुणीतरी उचलून नेत होतं.

त्यांनी एकेक तारीख बोटानं मोजली. सात एप्रिल, शुक्रवार. रेघ सरळ!

त्यांनी हजेरीपट ओढला. सात एप्रिलला सूर्यभान हजर होता, सकाळी नऊ ते पाच. सही त्याचीच. सूर्यभान होता आणि लोखंड नव्हतं. मग त्या दिवशी या माळावर नव्हतं कोण?

"लिंबाजी!" दिनकररावांनी हाक मारली. "सात तारखेला, गेल्या पंधरवड्यातल्या शुक्रवारी, इथं काय वेगळं होतं?"

लिंबाजीनं डोकं खाजवलं. "वेगळं कायबी न्हाई, साहेब. आमची बायको तेवढी चारठाण्याला गेली हुती, लग्नाला."

४

लिंबाजीची बायको कडूबाई. नाव कडू, स्वभाव मात्र अगदी मोकळा. बुधवारी सकाळी दिनकररावांनी तिला गाठलं तेव्हा ती सुईघराच्या उत्तरेच्या भिंतीला लागून असलेल्या कट्ट्यावर गोणपाट ओलं करत होती. गोणपाटाखाली एक बादली होती. साडेनऊ वाजले होते.

"हे काय, कडूबाई?"

"पानी हाय, साहेब. खंदारेसायबाचं. हितं सावली असती, लय गार ऱ्हातंय."

"बादली कसली?"

"जस्ताची," कडूबाई अभिमानानं म्हणाली. "लोखंड न्हाई चालत, ठाव हाय की आमाला! चिठ्ठीत जस्त चालतं लिवलंय. ह्यांनी वाचून दाखिवलं."

दिनकरराव खालीच बसले. अहो, सगळा मुलूख जिला जस्ताची बादली म्हणतो ती लोखंडी पत्र्याची असते, वरनं नुसता जस्ताचा मुलामा! भिंतीच्या पलीकडं, तीन हातांवर, सुई टांगलेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तीन दिवस ते विळे आणि वहाणा तपासत हिंडत होते.

त्यांनी बादली उचलून कुंपणाबाहेर नेली, तासाभरानं परत आणून ठेवली, पुन्हा नेली. दुपारी कागद धुऊन निघाला. बादली गेली की रेघ खाली, बादली आली की वर, बरोब्बर दोन मिलिमीटर. तेरा मार्चच्या कागदातून तेवढेच दोन मिलिमीटर वजा केले की वादळाची नोंद चोख!

चूक कुणाची, हेही उघड होतं. ती चिठ्ठी म्हणजे दिनकररावांनीच बांधकामाच्या वेळी लिहिलेले 'जागेचे नियम'. लिंबाजीच्या दारामागं तो कागद अजून चिकटवलेला होता. तिसरा नियम: 'तांबे, पितळ, जस्त, लाकूड चालेल.' लोकांच्या तोंडात जस्त म्हणजे काय, याचा विचार त्यांनी केला नव्हता. मनाला लागलं त्यांच्या, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. शब्दाची चूक. माणसाच्या हातून होते. प्रबंधात एक तळटीप टाकता येईल.

ते जवळजवळ धावतच सूर्यभानकडं गेले. "खंदारे, सुटलात तुम्ही! ती बादली! पाण्याची बादली लोखंडी आहे!"

सूर्यभाननं वहीतून मान वर केली.

"मला ठाऊक आहे, साहेब," तो म्हणाला.

५

"कधीपासून?"

"मार्चअखेरीपासून. एके दिवशी मी ती दोन हात सरकवून बघितली. रेघ हलली."

"मग बोलला का नाहीत? नोकरी जात होती तुमची! मोहीम जात होती!"

"काय बोललो असतो? बादली लोखंडी आहे म्हणलो असतो, तर लिंबाजींनी ती उचलून वीस हातांवर ठेवली असती. रेघ सुधरली असती. बादली राहिली असती." तो उठला. "सात तारखेला कडूबाई आल्या नव्हत्या. त्या दिवशी मी पाणी प्यालो नाही, साहेब. चौकीच्या ओसरीवर तांब्याचा हंडा भरलेला होता. तुम्ही परवा त्यातलंच प्यालात."

सूर्यभाननं वही मिटली.

"मोहिमेच्या कागदपत्रांत तुमच्या प्रबंधाचं नववं प्रकरण जोडलंय. तिकडं बांधकाम कसं करावं याचा नमुना म्हणून. मी वाचलं ते. त्यात 'जागेचे नियम' आख्खे छापलेत. तुम्ही तिसऱ्या नियमापर्यंत आलात. सातवा वाचा."

दिनकररावांना वाचायची गरज नव्हती. सातवा नियम त्यांना तोंडपाठ होता. 'पिण्याच्या पाण्याची व्यवस्था दोन ठिकाणी, स्वतंत्र.' त्यात जातीचं नाव कुठंही नव्हतं. तेवढी हुशारी त्यांनी दाखवली होती. मजुरांत निम्मे बौद्ध वस्तीतले होते, आणि मुकादमानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, साहेब, पाण्याचं कसं करायचं? दिनकररावांनी क्षणभरही विचार केला नव्हता. दोन पिंपं, दोन टोकांना. तंटा नाही, खोळंबा नाही. प्रबंधात त्यांनी त्यावर एक परिच्छेद लिहिला होता: नामांतराच्या दंगलीत, अठ्ठ्याहत्तर साली, जिल्ह्यातली कामं किती दिवस बंद पडली याचा तक्ता, आणि त्याखाली हा उपाय. घरं जळालेली माणसं त्या तक्त्यात नव्हती. वाया गेलेले दिवस होते. सदतीस.

बांधकाम संपलं, मजूर गेले, कागद दारामागं राहिला. सूर्यभान रुजू झाला त्या सकाळी लिंबाजीनं तोच कागद वाचला आणि बायकोला म्हणाला, ह्यांचं येगळं ठिवायचं, सायबाचा नेम हाय. पाणी कुठं मुरत होतं ते कळलं, आणि दिनकररावांना तो कागद लिहिणारा आपला हात नकोसा झाला.

"म्हणून माझं नाव सुचवलंत?"

"नियम तुमचा होता. शोधायचाही तुम्हीच होता."

"आणि मी तुमच्या वहाणा तपासल्या."

सूर्यभाननं वही पुन्हा उघडली.

६

गुरुवारी सकाळी दिनकररावांनी परभणीत वसमतकरांना सगळं सांगितलं. वसमतकर आनंदानं खुर्चीतून उठलेच. "म्हणजे तेरा मार्च वाचला! खंदारे वाचला! शाब्बास, दिनकरराव! लगेच अहवाल लिहा. बादलीचं लिहा, जस्ताच्या मुलाम्याचं लिहा. ते पाण्याचं तेवढं नको."

"तेच तर कारण आहे."

"अहो, अहवालात विज्ञान असू द्या, गावगाडा कशाला? खंदारेचं काम झाल्याशी कारण. आणि तुमचा प्रबंध पुढच्या महिन्यात विद्यापीठात जातोय. त्या नवव्या प्रकरणाचं काय होईल, विचार करा जरा."

दिनकररावांनी विचार केला. दोन तास केला. खरं लिहावं तर आयुष्यभराचं काम परीक्षकांपुढं उघडं पडणार, नातवंडं विचारणार. न लिहावं तरी सूर्यभान सुटतोच आहे. मग कुणाचं काय बिघडतं? हा प्रश्न त्यांनी स्वतःला तीनदा विचारला, आणि तिन्ही वेळा तो भरलेला हंडा आणि त्याच्यापासून पन्नास पावलांवर एप्रिलच्या उन्हात तहानलेला बसलेला माणूस त्यांच्या डोळ्यांपुढं आला. शेवटी त्यांनी लिहिलं. पाण्याचंही लिहिलं. आपण मोठं धाडस केलं असं त्यांना वाटलं, आणि कागद घेऊन ते झरीला गेले. गुरुवारी सूर्यभानची पाळी नव्हती, पण निकालासाठी तो चौकीवर येऊन थांबला होता.

सूर्यभान अहवाल उभ्यानंच वाचू लागला. शेवटच्या परिच्छेदाशी थांबला आणि मोठ्यानं वाचलं: "'निरीक्षक खंदारे यांच्यासाठी पाण्याची बादली स्वतंत्र ठेवण्यात आली होती.'"

"हो. लपवलं नाही मी काही."

"'ठेवण्यात आली होती' म्हणजे कुणी ठेवली, साहेब?"

"असंच लिहितात सरकारी अहवालात."

"तेच म्हणतोय मी. जन्मभर वाचत आलोय. घरं जाळण्यात आली, पाणी बंद करण्यात आलं. कुणी केलं ते वाक्यात कधी येतच नाही. उद्या हा अहवाल वाचून लोक म्हणतील, कडूबाईनं ठेवली. त्या बिचारीचा काय दोष? ती गोणपाट ओलं करायची, मला गार पाणी मिळावं म्हणून."

त्यानं कागद पुढं केला. दिनकररावांनी तो घेतला. ओसरीवर बसून त्यांनी पेन उघडलं. पस्तीस वर्षं त्यांनी अहवाल लिहिले होते. काम करण्यात आले, पूल बांधण्यात आला, विलंब झाला. 'मी' हा शब्द कुठल्याच अहवालात आलेला त्यांना आठवेना. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं:

'ही बादली मी, दिनकर पिंगळीकर यानं, जात पाहून वेगळी ठेवायला लावली.'

सूर्यभाननं ते वाचलं. दोनदा वाचलं. दिनकररावांना आतून फार वाटत होतं, की त्यानं आता म्हणावं, जाऊ द्या साहेब, झालं ते झालं. त्या एका वाक्यासाठी ते लहान मुलासारखे त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

"माझं चुकलं, खंदारे," ते म्हणाले.

"हो," सूर्यभान म्हणाला. कागद त्यानं परत त्यांच्या मांडीवर ठेवला. "सही राहिलीय."

दिनकररावांनी सही केली.